मौनाचा चमचा

महाराजांची बैठक भरलेल्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. अन्ननलिकेच्या कर्करोगाने पाण्याच्या घोटालाही कळवळणारा कंडक्टर महाराजांच्या हातचा एक चमचा मधाळ रस घेऊन चक्क दुधात बुडवलेलं बिस्कीट खात होता.

“यंत्रं देह जाळतात, कृपा रोग जाळते,” महाराज सांगत होते. “चमच्यानंतर तासभर मौन. बोललात, की कृपा तोंडावाटे निसटते.”

कृपा म्हणजे काय सायकलच्या ट्यूबमधली हवा आहे, असं कंडक्टरच्या बायकोच्या मनात आलं. पण नवरा गिळतोय हे पाहून तिला रडूही येत होतं.

घरी त्याने जाहीर केलं, “उद्यापासून हॉस्पिटल बंद. त्या केमो-रेडिएशननेच आतून जाळलंय मला.”

“अहो, उपचार निम्म्यावर आलेत. अर्ध्या वाटेत उतरायचं?”

“वहिनी, तुम्हाला सगळीकडे काळंबेरंच दिसतं,” महाराजांकडे नेणारा दीर म्हणाला.

तिला ते मौन खटकत होतं. रोग अन्ननलिकेत, मग कुलूप जिभेला कशाला? तिने महाराजांनी घरी दिलेल्या बाटलीतला चमचाभर रस स्वतःच घेतला आणि मागून चहा प्यायली. चहा किती कढत होता, हे तिला टाळूला फोड आल्यावर कळलं. मागे दात काढायच्या इंजेक्शननंतर तिचं तोंड असंच लाकूड झालं होतं.

बाटली घेऊन तिने हॉस्पिटल गाठलं.

“मधात बधिर करायचं औषध घातलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “किरणांनी नळी आतून सोलवटते, ते दुखणं यानं थोडा वेळ कळत नाही. गाठ मात्र तिथेच. केमोने ती हळवी होते आणि किरण तिला नीट मारतात, म्हणून दोन्ही एकत्र द्यायचे. मध्येच सोडलं, तर ती पुन्हा वाढेल. दुखण्यावर आम्हीही औषध देतो. इतकं दुखतंय, हे त्यांनी सांगितलं का नाही?”

“पुरुषासारखं सोसत होते,” ती चिडून म्हणाली.

पुढच्या बैठकीत ती नवऱ्याशेजारून उठली. “महाराज, एक चमचा तुम्ही घ्या आणि मंत्र म्हणून दाखवा.”

“माझा आज उपवास आहे, माई.”

“कृपेला कसला उपवास?” मागून कोणीतरी म्हणालं. सगळ्यांच्या नजरा खिळल्या, तेव्हा महाराजांनी नाइलाजाने चमचा रिचवला. थोड्याच वेळात मंत्राचे शब्द बोबडे होऊ लागले आणि दाढीवर लाळ उतरली. दीर खाली बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी कंडक्टर रेडिएशनच्या रांगेत बसला होता. “दुखतंय,” तो नर्सला पहिल्यांदाच म्हणाला. बायकोने त्याचा हात धरला.

दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला, असं नाही. कोणी चमचा पुढे केला, तर तोंड जरूर उघडा. पण आधी प्रश्न विचारायला.