बोटातली वीज आणि मानाची जागा

“आकाशातली वीज माझ्या या बोटात मुक्कामाला आहे!” तोक्तोसून ताबिबानं, कुरणावरच्या वैदूनं, गर्जना केली. मग मेव्हण्याच्या कानाशी लागून विचारलं, “जनरेटरात पेट्रोल आहे ना रे?”

नारीनच्या कुरणावरची सगळी माणसं त्या तंबूत दाटली होती. चामखीळवाला दाराजवळच्या ओल्या नमद्यावर, लोकरीच्या जाड बैठकीवर, अनवाणी उभा राही, ताबिब “हूऽ!” करून बोट टेकवी, चर्र होई, धूर निघे आणि चामखीळ गायब! बाया टाळ्या पिटत, म्हातारे दाढ्या कुरवाळत.

लोकांना तो वास मेंढीचं मुंडकं भाजल्यासारखा वाटत होता. बुरुलकान आपांनी मात्र तो ऑपरेशन थिएटरात तीस वर्षं हुंगला होता; नर्स होत्या त्या. आणि पुढचा नंबर त्यांच्या नातीचा, नाझिकचा होता. तिच्या मानेवरचा काळा तीळ महिन्यात दुप्पट झालेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, कापून तपासायलाच हवा. इथं जाळला, तर तपासायला राख उरणार आणि रोग आत सुखानं नांदणार.

“थांब गं, आधी माझ्या अंगठ्यावरची चामखीळ,” म्हणत आपा पुढे झाल्या.

“या आपा. या नमद्यावर पाय ठेवा.”

“दाराशी?” एक म्हातारा कडाडला. “सत्तरीच्या बाईला जोड्यांजवळ उभं करतोस? आईलाही तिथंच बसवतोस का रे?”

“अहो, पण वीज इथंच...”

“आकाशातून आली ना? मग चार पावलं जड झाली होय तिला?”

लोकांनी आपांना जवळजवळ उचलूनच दारापासून लांब, पार समोरच्या टोकाला मानाच्या जागी नेऊन बसवलं. घामाघूम ताबिबानं बोट टेकवलं. चर्र नाही, धूर नाही. मागच्या पेटाऱ्यातून तेवढं ऐकू आलं, “टीं! टीं! टीं!”

“फ... फरिश्ते रागावले!”

“फरिश्ते कसले, मशीन रागावलंय. पेशंटच्या अंगाखाली पत्रा नसला की दवाखान्यात माझ्यावरही असंच ओरडायचं.”

आपांनी दाराजवळचा नमदा उचलला. खाली पत्रा. ताबिबाची बाही ओढली. आत वायर, थेट बोटातल्या अंगठीच्या बारीक टोकापर्यंत!

“वीज टोकातून शिरते. टोक बारीक, म्हणून तिथलं मांस जळतं. पत्र्यातून बाहेर पडते. पत्रा रुंद, म्हणून तळव्याला पत्ताही लागत नाही. हीच वीज दवाखान्यात वाहतं रक्त थांबवते. पण काय जाळायचं नि काय तपासायला ठेवायचं, हे विजेला कळत नाही बाबांनो, शिकलेल्या माणसाला कळतं. चमत्कार दिसला की आधी नमदा उचलून बघत जा. नाझिक, उद्या सकाळी शहरात जायचंय.”

तंबू हसून हसून लोळला. ताबिब हळूच आपांजवळ सरकला.

“आपा, मीही येऊ? पाठीवर एक चामखीळ आहे. पण तिथं... आधी भूल देतात ना?”