टोपलीतली वेलांटी

सारसोळ्याच्या बालवाडीत काना, मात्रा, वेलांटी फळ्यावरून येत नसत, मासळीच्या टोपलीतून येत. ही करामत शांतीबाईंची. वरून आलेले अक्षरांचे तक्ते त्यांनी कधीच कपाटावर टाकले होते. त्या तक्त्यांकडे बघून पोरंच काय, माश्यासुद्धा पेंगत. मग बाईंनी ड्रॉइंग पेपर शिवून, पोस्टर कलरनं स्वतःच एक मोठं चित्रपुस्तक रंगवलं. त्यात म, स आणि ळ ही तीन अक्षरं उघडीबोडकी दारात कुडकुडत उभी असत. एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन येई. म ला काना देई, स ला काना आणि मात्रा, ळ ला दुसरी वेलांटी. की लगेच तिघांची मासोळी होऊन खाडीत उडी मारी.

कोळीण कोण, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. हनुवटीवर तीळ, हसताना एक डोळा बारीक, म्हणजे सोनलच. ती पाम बीच रोडपलीकडच्या टॉवरांत मासळी विकायची आणि तिची रुतिका याच वर्गात होती. चित्र पाहून सोनल म्हणाली होती, "बाई, नाक वाईच मोठा झाला. पन र्‍हाऊ दे, वळख तरी पटल."

वर्गाचा नेम असा होता: पानावरच्या टोपलीवर हात ठेवायचा, मूठ मिटायची, फळ्याकडे धावायचं आणि मुठीतलं अक्षराला द्यायचं. रुतिका दर वेळी वेलांटी घ्यायची. प्रत्यक्ष आईच देणारी म्हटल्यावर तिचा तोरा काय विचारता.

गणपतीच्या आधी सोनल गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

बाराव्यानंतर तिची सासू सुंदराबाई बालवाडीत आली. "शांती, त्या पुस्तकात तिचा तोंड हाय," ती म्हणाली. "पोर रोज बघल नि रोज रडल. झाकून टाक गो."

शांतीबाईंना पटलं. जखमेवर खपली धरू द्यावी, असं त्यांनाही वाटलं. मुलं घरी गेल्यावर त्यांनी सोनलच्या चेहऱ्यावर रंग चढवून दुसरीच एक कोळीण काढली, गोरीगोमटी, टपोऱ्या डोळ्यांची. तीळ बुजवताना हात थांबला होता. तेव्हाच त्याचं ऐकायला हवं होतं. पण भलं करायला निघालेला माणूस कुणाचं ऐकतो?

रुतिका वर्गात आली आणि सरळ पुस्तकाकडे गेली. तिनं पान बघितलं. मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं, मग पुस्तक उचलून खालीही वाकून पाहिलं.

"आई कुटं गेली?"

"अगं, ही पण मावशीच आहे," शांतीबाई म्हणाल्या. "घे ना हिच्याकडून वेलांटी."

रुतिकानं हात मागे नेला. मग फळ्यावर तिनं म, स, ळ एवढंच काढलं. पोरं "चुकलं, चुकलं" म्हणून ओरडायला लागली.

"मना कोनी दिलाच नाय," ती म्हणाली.

त्यानंतर तिच्या अक्षरांना काही म्हणून मिळालं नाही. जूनमध्ये ती पहिलीत जायची होती, आणि आता स्वतःचं नावसुद्धा ती नागडं लिहायला लागली. शांतीबाईंनी मोबाईलवर सोनलचा हळदीतला फोटो दाखवून बघितला. रुतिकानं तो पाहिला आणि मोबाईल परत केला.

"ही नुसती हसते. पुस्तकातली मना येलांटी द्याची."

त्या दुपारी शांतीबाई ओला कापूस घेऊन पुस्तकाशी बसल्या. गोरा रंग सुटत गेला आणि खाली तो तीळ दिसला. त्यांना इतका आनंद झाला की त्या भराभर पुसायला लागल्या. पण पोस्टर कलरच तो, वरचा काय नि खालचा काय. तीळही ओघळला, हसरा डोळा ओघळला आणि कागदाला भोक पडलं. आपण सोनलला दुसऱ्यांदा मारलं असं त्यांना वाटलं, आणि पोरांच्या इवल्याशा बाकावर बसून त्या हमसून हमसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रुतिकाला भोक पडलेलं पान दाखवलं. "आईचं चित्र मी पुसलं, बाळा. माझं चुकलं. आता ते परत येत नाही."

सुंदराबाई नातीला सोडायला आलेली, दारातच होती. "तिनं नाय गो, मीच सांगितला," ती म्हणाली. "पोर रडल म्हनून नाय. मनाच बघवत नव्हता."

एवढं बोलून ती निघून गेली आणि थोड्या वेळानं परत आली तेव्हा तिच्या काखेला सोनलची टोपली होती. धुऊन ठेवलेली, तरी मासळीचा वास न गेलेली. तिनं ती वर्गाच्या मधोमध ठेवली.

रुतिका टोपलीपाशी बसली. रिकाम्या टोपलीत तिनं हात घातला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. मग मूठ मिटून उठली आणि फळ्यापाशी गेली. शांतीबाईंनी ळ आधीच लिहून ठेवला होता. वेलांटी तेवढी द्यायची होती.

रुतिका ळ कडे बघत उभी राहिली.

"दे ना, बाळा," शांतीबाई म्हणाल्या.

तिनं मूठ पोटाशी धरली. "दिली तं संपल."

खिचडी आली तेव्हा ती डाव्या हातानं जेवली. घरी जाताना सुंदराबाईनं तिचा डावाच हात धरला.