ऊलिखांच्या पावावरची खूण

बोटभर लांब, एका टोकाला अणकुचीदार अशी कल्हईच्या पत्र्याची पट्टी, एवढीच मी आहे, मित्रांनो, आणि आता पुष्कळ जुनी झाले आहे. माझ्या अंगावर खिळ्याने ठोकून एक नाव उमटवले आहे, ऊलिख. ते ठोकणारे ओस्वाल्ड ऊलिख आमच्या गावात पत्र्याचे डबे आणि पन्हळी करत. एल्बे नदीच्या काठचे, प्रागकडच्या सरहद्दीच्या अलीकडचे ते गाव.

नाताळचा श्टोलन, म्हणजे मनुका-बदाम घातलेला लांबट पाव, आमच्याकडे घरी भाजत नसत. नोव्हेंबर सरत आला की बायका आपापले पीठ आणि सुका मेवा घेऊन नेस्टलर भटाऱ्याकडे जात. त्याच्या भट्टीत एका वेळी चाळीस-पन्नास पाव, सगळे एका तोंडवळ्याचे. मग कुणाचा कोणता, हे कळावे कसे? म्हणून प्रत्येक घराची एक पट्टी असे. ती पावात टोचायची आणि भाजून झाल्यावर काढून घ्यायची. वर्षातून एकच दिवस माझे काम, पण त्या दिवशी मला घरातल्या चांदीच्या चमच्यांपेक्षा जास्त मान होता. मला कोणी धरायचे यावरून ओस्वाल्डच्या दोन मुली, थोरली इर्मगार्ड आणि धाकटी रोझविता, रस्ताभर भांडत जात.

पुढे महायुद्ध झाले आणि संपले. ज्यांनी खांद्याला खांदा लावून ते जिंकले त्या अमेरिका आणि रशियाचेच आपसात बिनसले. त्यांच्या वैरात आमच्या देशाचे दोन देश झाले. ओस्वाल्ड तोवर देवाघरी गेले होते. इर्मगार्ड लग्न करून गावातच, म्हणजे रशियाच्या बाजूला राहिली. रोझविता सत्तावन साली एबरहार्ट नावाच्या माणसाशी लग्न करून कासेलला, अमेरिकेच्या बाजूला गेली. चार वर्षांनी मध्ये भिंत आणि काटेरी तारा आल्या.

आमच्या बाजूला मनुका आणि बदाम मिळेनासे झाले. मग दर ऑक्टोबरला कासेलहून रोझविताचे पार्सल येई, आणि त्याच मेव्याच्या चार पावांपैकी एक डिसेंबरात कासेलला जाई. दोन्ही बहिणींचे नाते त्या एका पावावर तगून होते.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात आमच्या खोऱ्यातून रशियन रणगाडे लादलेल्या आगगाड्या प्रागच्या दिशेने गेल्या. इर्मगार्डचा नवरा गोटफ्रीड रेल्वेच्या कचेरीत गाड्यांची वेळापत्रके आखत असे. त्या शरद ऋतूत त्याच्यापुढे एक कागद आला. फौजेच्या गाड्या ज्याच्या हाताखालून जातात, त्याचे पलीकडे कोणी नातलग नको. पत्र नाही, पार्सल नाही, निरोप नाही. बायकोचीही सही हवी. नाहीतर नोकरी जाणार, आणि मुलीला, गुद्रुनला, कॉलेजात जागा मिळणार नाही. दोघांनी सही केली.

आपण का गप्प झालो, हे कळवण्याचीसुद्धा सोय नव्हती. ऑक्टोबरात पार्सल आले तेव्हा इर्मगार्डने पोस्टात जाऊन ते नाकारले. घरी आल्यावर ती मला मुठीत धरून बराच वेळ ओट्याशी उभी होती. रोझविताला वाटणार, बहिणीने आपल्याला टाकले. याच एका गोष्टीने ती आतून पोखरली गेली.

शेजारी थेकलाआजी राहत, सत्तरी उलटलेल्या, एकट्या. त्यांनी सगळे ताडले. त्यांचा भाचा हॅम्बुर्गहून मेवा पाठवी, त्यातला निम्मा त्यांनी इर्मगार्डच्या टेबलावर ठेवला आणि एक पाव आपण आपल्या नावाने कासेलला पाठवू म्हणाल्या. इर्मगार्ड घाबरली, तर म्हणाल्या, "मला कोण कामावरून काढणार गं? मी कामावरच नाही." पण पार्सलातली चिठ्ठी वाचली जाते, हे त्यांनाही ठाऊक होते. पाव जाईल, पण तो कुणाचा हे रोझविताला कसे कळणार?

भाजलेले पाव न्यायला इर्मगार्ड भट्टीवर गेली तेव्हा मी जागेवर नव्हते.

"नेस्टलरकाका, माझी पट्टी कुठंय?"

"चौथ्या पावात राहिली वाटतं," त्यावर साखर भुरभुरवत नेस्टलर म्हणाला. "म्हातारा झालो, पोरी. हातांना आठवत नाही."

चौथा पाव कासेलचा, हे त्याला वर्षानुवर्षे ठाऊक होते. त्याने मला खालून पावाच्या पोटात पार आत सारले होते आणि छिद्र लिंपून टाकले होते. इर्मगार्डने आधी दाराकडे पाहिले.

"काका, कुणाला सापडली तर?"

"तर भटारी वेंधळा आहे म्हणून सांग. सारा गाव साक्षीला येईल."

सरहद्दीच्या तपासणीत आमचे पार्सल फोडले गेले. पावात एक लांब सुई शिरली आणि टक्कन माझ्यावर आपटली. सुई थांबली. तिने मला एकदा हलकेच चाचपले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय आहे गं आत?" एका पुरुषाने विचारले.

"बदाम," सुई धरणारी बाई म्हणाली. "लाव चिकटपट्टी."

तिचे नाव मला आजही माहीत नाही. तिच्याही माहेरी अशी पट्टी असावी, एवढेच मी समजते. तिचे उपकार मी विसरलेले नाही.

कासेलला मात्र वेगळेच संकट होते. आपले पार्सल परत आल्यामुळे रोझविता दुखावली होती. आता शेजारच्या थेकलाआजींचा पाव पाहून तिला वाटले, बहीण स्वतः दोन ओळी लिहीत नाही आणि शेजारणीकडून भीक घालते. तिने पाव फडताळात टाकला आणि नाताळाआधी चर्चच्या गरिबांना देऊन टाकायचे ठरवले. मी आत अंधारात दिवस मोजत होते. परक्या ताटात गेले असते तर मला थेट कचऱ्यात टाकले असते.

आमच्या मुलखात नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत श्टोलनला कोणी सुरी लावत नाही. एबरहार्ट तिकडचा, त्याच्या लेखी दिसला पाव की खायचा. एका रविवारी दुपारी त्याने तो मधोमध कापायला घेतला आणि सुरी माझ्यावर खणकली.

"रोझविता, तुमच्याकडं पावात खिळे घालतात का? दात गेला असता माझा."

"कापलास? अरे, तो द्यायचा होता," म्हणत ती तणतणत आली. मग तिने मला पाहिले. पदराआड धरावे तसे तिने मला एप्रनमध्ये धरले, पुसले आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला. बापाच्या खिळ्याचे ठोके तिच्या बोटांच्या ओळखीचे होते. ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "हा पाव कुणाला द्यायचा नाही."

"मी तेच म्हणत होतो," एबरहार्ट म्हणाला आणि त्याने दुसरा तुकडा उचलला.

पुढच्या ऑक्टोबरात थेकलाआजींच्या नावाने मनुकांची पिशवी आली. तिच्या तळाशी मी होते. अशा चौदा वर्षे माझ्या येरझाऱ्या चालल्या. डिसेंबरात पावातून जायचे आणि ऑक्टोबरात मनुकांतून यायचे. थेकलाआजी गेल्या तेव्हा त्यांच्या बहिणीने कोणी न सांगता ते काम उचलले.

ब्याऐंशी साली गोटफ्रीड निवृत्त झाला आणि इर्मगार्डला साठ पूर्ण झाली. म्हाताऱ्यांना पलीकडे जाऊन यायची मुभा होती. आमच्या सरकारला त्यांची गरज नव्हती, ते आमच्या पथ्यावर पडले. इर्मगार्ड मला पर्समध्ये घालून कासेलला निघाली. गाडीत तिने डबासुद्धा उघडला नाही. काय बोलायचे, याचीच ती मनात घोकंपट्टी करत होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्यावर तिने ते बोलून टाकले.

"रोझे, मी कागदावर सही केली होती. तुझा-माझा संबंध नाही म्हणून."

"ठाऊक आहे."

"राग नाही आला?"

"आला होता की. दोन आठवडे." रोझविता कॉफी ओतत म्हणाली. "मग एबरहार्टनं पाव कापला."

आज ती सरहद्द नाही. मनुका कोणत्याही दुकानात मिळतात, नेस्टलरची भट्टी बंद झाली, आणि मी गुद्रुनच्या खणात बुचे आणि सुतळीच्या गुंड्यांमध्ये पडून असते. माझी तक्रार नाही. दोन बलाढ्य देशांच्या भांडणात मला एक भटारी, एक म्हातारी, एक सुईवाली आणि एक खादाड माणूस भेटला. पत्र्याच्या तुकड्याला याहून अधिक काय हवे?

पण मित्रांनो, एक मागणे आहे. कधी तुमचेही जिवाभावाचे माणूस अचानक गप्प होईल. त्याने तुम्हाला टाकले, असे लगेच धरून चालू नका. त्याच्या गप्प बसण्यामागे कुणाची तरी भाकरी अडकलेली असेल. आणि घर आवरताना माझ्यासारखी एखादी काळवंडलेली पट्टी हाती लागली, तर फेकण्याआधी तिला अंगठ्याने पुसा आणि तिच्यावरचे नाव वाचा.