एकोणतीस फेब्रुवारीचा माणूस

निकिताच्या हातून चूक झाली ती हसता हसता, अंगणात हळद वाळत पडलेली असताना.

केनवडच्या शेतकऱ्याची ही मुलगी पुण्यात पीएचडी करत होती. विषय, विदर्भातून आखातात कामाला जाणारी माणसं. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या सरकारी नोंदी पाहायला मिळाव्यात म्हणून तिनं दोन वर्षं अर्ज केले, उंबरे झिजवले. अखेर परवानगी मिळाली ती बंद खोलीत बसून वाचायची. मोबाइल बाहेर ठेवायचा, कागद-पेन त्यांचंच. नावं आधीच काढून टाकलेली. लेखी हमी अशी, की कुणाला ओळखायचा प्रयत्न करायचा नाही. चुकून ओळखलंच तर कार्यालयाला कळवायचं, दुसऱ्या कुणाला नाही. खोलीवरच्या अधिकारी बाईंनी तोंडी आणखी एक सांगितलं होतं. "कुणीही, कुणाबद्दलही विचारलं तरी उत्तर एकच ठेवा. एकाला 'नाही' म्हणालात आणि दुसऱ्याला 'सांगता येत नाही', की दुसऱ्याला सगळं कळलं."

हे तिला पाठ होतं. तरी शनिवारी चुलतभाऊ हरीओमनं विचारलं, "काव निकिता, आपला रविकांत दिसला का तुले तिथं? दुबईत हावो म्हणते लेकाचा. मले तं वाटते भिवंडीच्या गोदामात पोते उचलून राह्यला."

"नाई रे बाप्पा, तुहा रविकांत काई दिसला नाई," ती हसून बोलून गेली.

खरं तर रविकांत तिथं असता तरी तिला कळलं नसतं. तिच्या रिसोड तालुक्यातल्या नोंदींत बहुतेकांचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना तीच तारीख वाटलेली, आणि त्या तारखेआड गावंच्या गावं लपलेली. त्या गर्दीत एकोणतीस फेब्रुवारी मात्र एकच होता.

तो कोण, हे ओळखायला तिला काही करावं लागलं नाही. शेजारच्या तांड्यावरचा किसनसिंग. सरकारी दवाखान्यात जन्मला म्हणून खरी तारीख लागलेला. "माहा वाढदिवस चार वर्षांनी येते, म्हून मी जवान," असं म्हणत तो निकिताच्याच घरच्या शेतात राबायचा. पुढं मस्कतला गेला. काही दिवस फोन आले, मग बंद झाले. त्याला सहा वर्षं झाली. तो मेला, असं तांड्यानं धरून चाललं होतं. नोंदीत मात्र तो दर वर्षी हैदराबादला उतरत होता आणि महिनाभरानं परत जात होता. हैदराबाद म्हणजे वाशिमहून एका रात्रीची गाडी.

निकितानं हे कार्यालयाला कळवायला हवं होतं. पण कळवलं की जन्मतारखा झाकायला सगळ्या नोंदी परत जाणार, प्रबंध लटकणार. तिनं ते आज-उद्यावर ढकललं होतं.

सोमवारी हळद निवडायला रुपाबाई आली. किसनसिंगची बायको. दुपारपर्यंत मान खाली घालून तिनं गड्डे आणि हळकुंडं वेगळी केली. निकिताची आई सोजरबाई पाणी घेऊन आली, तेव्हा कुठं तिनं तोंड उघडलं.

"निकिताबाई, हरीओमले तू रविकांतचं सांगतलं म्हणते."

"गंमत केली व मावशी."

"मंग माह्यासंगबी कर गंमत. अमावस्येले बाबूसिंग आपल्या भावाचा पुतळा जाळनार हाये. चंदाचं लगन जमून राह्यलं. पावने म्हणते, पोरीचा बाप हाये का नाई, एक काय ते सांगा. माह्या दीराचंबी खरं हाये, किती दिवस लोंबकळत ठेवाव? तू एवढंच म्हन, दिसला नाई. मी बांगड्या फोडायले मोकळी."

दोनच शब्द होते. ते निकिताच्या जिभेवर आले आणि तिथंच अडले.

"मावशी, मले सांगता येत नाई. लेहून देलं हाये."

रुपाबाईचे हात थांबले. अधिकारी बाईंचं वाक्य निकिताला आठवलं, पण तोवर बोलून झालं होतं.

"हे काय व!" सोजरबाई चिडली. "रविकांतचं तं भडाभडा सांगतलं. हिच्या कुकवाचा सवाल हाये, अन् तुले आता कायदा आठोला?"

"तुमी सोता अर्ज करा मावशी," निकिता घाईघाईनं म्हणाली. "बायकोले हक हाये. वाशिमले पोलिसांच्या हापिसात. मी लेहून देते, आत्ता देते."

"मेल्या माणसाची चवकशी कोनी करायले लावते का?" रुपाबाईनं हळूच विचारलं.

'जिवंत आहे' म्हणावं तर हमी मोडते, 'मेला' म्हणावं तर ते खोटं, आणि गप्प बसावं तर तेही उत्तरच. अंगण ऐसपैस होतं, दार उघडं होतं, पण निकिताला जागचं हलता येईना.

"मंग आला काहून नाई?"

तो येत होता, फक्त हैदराबादपर्यंत, हे निकिताला माहीत होतं. तिनं नजर खाली वळवली. रुपाबाई उठली आणि तिनं पदर झटकला. हळदीची धूळ उडाली.

"सोजरबाई, तुमी साक्षी हा. तुमची पोरगी काई बोलली नाई."

आता पुतळा काही जळत नाही, असं निकिताला वाटलं. अमावस्येच्या सकाळी रुपाबाईची चंदा दारात उभी राहिली. "माय म्हणते, ताईले संग घेऊन ये."

तांड्यामागच्या नाल्यात पळसाच्या काड्यांचा पुतळा निजवला होता. अंगात किसनसिंगचा निळा सदरा. चंदाचे पाहुणेही आले होते. बाबूसिंगनं रीतीप्रमाणं विचारलं, "पंचाहो, कोनाले काई म्हनायचं आसंन तं आताच म्हना. जाळल्यावर मानूस वापस येत नाई."

रुपाबाईनं वळून थेट निकिताकडं पाहिलं. एका शब्दात सगळं थांबलं असतं. त्या एका शब्दानं हमी मोडली असती, आणि चंदाच्या सोयऱ्यांदेखत हैदराबादही उघडं पडलं असतं. निकिता निळ्या सदऱ्याकडं पाहत राहिली.

"कोनी काई म्हनत नाई," रुपाबाई म्हणाली. "लावा."

बायका दगड घेऊन पुढं आल्या. रुपाबाईनं दगड त्यांच्या हातून घेतला आणि बांगड्या आपल्या आपण फोडल्या. परतताना ती निकिताच्या बाजूनं चालत होती. मनगटावर काच लागून रक्त आलं होतं.

"आता कोनी इचारलं तं सांगत जाय," ती म्हणाली, "किसनसिंग दिसला नाई. आता थे खोटं नाई होत."

दुपारीच निकिता कार्यालयाला कळवायला बसली. एका तारखेवरून माणूस ओळखू येतो, तारखा झाका, असं तिनं लिहिलं. कळवायच्या अर्जात शेवटी एक ठरलेला प्रश्न होता. ही माहिती आपण कुणाला सांगितली आहे काय? खाली दोनच पर्याय.

तिनं 'हो' निवडलं. कोणत्या शब्दांत सांगितली, ते लिहायला जागा होती. तिथं तिनं लिहिलं, मी काहीच बोलले नाही.