तळातला नमुना

आईला पातळ काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तिच्या गळ्यात गिळण्याचं बळ राहिलं नव्हतं. पाणी, चहा, सूप, जे द्यायचं ते पावडर घालून दाट करून. नाहीतर ते पोटाऐवजी फुप्फुसात उतरतं. आणखी एकदा न्यूमोनिया झाला तर ती त्यातून उठणार नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

आईनं उभा जन्म शिवणकाम केलेलं. ते दाट पाणी पहिल्यांदा तोंडात गेलं तेव्हा जड जिभेनं ती म्हणाली, "खळ पाजताय होय? मग इस्त्री कधी करणार?" आम्ही हसलो. दुसऱ्या दिवसापासून तिनं ओठ मिटून घेतले आणि घरातलं हसू संपलं.

तोड काढली बाबांनी. जहाजावर नोकरीला असलेल्या मामानं कधीकाळी व्हिएतनामहून कॉफीचं गाळणं आणलं होतं. तळाला बारीक भोकं असलेली छोटी वाटीच ती. काचेच्या ग्लासवर ठेवायची, आत कॉफीची पूड, पुडीवर दाबायला चकती, मग कडकडीत पाणी. ग्लासात आधीच कंडेन्स्ड मिल्क घातलेलं असतं, त्यावर थेंब थेंब काळी कॉफी पडत राहते. माझ्यासारख्या उतावळ्या बाईचं हे कामच नव्हे. बाबांचं म्हणणं, हे दूधच इतकं दाट असतं की पावडरीची गरज नाही.

आणि दाटपणातलं बाबांना कळतं, यात शंका घ्यायला जागा नव्हती. रंगाच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. पिंपात काठी बुडवायची, वर उचलायची आणि रंग काठीवरून कसा सुटतो ते बघायचं. नमुना मात्र नेहमी तळातून घ्यायचा, कारण रंग तळाशी बसतो. घरी काठीच्या जागी चमचा आला. ग्लासच्या तळाशी घालून ते तो अलगद उचलायचे, तार सुटलेली बघून मान डोलवायचे आणि ग्लास आईच्या ओठांना लावायचे. आई प्यायची. चक्क प्यायची आणि समाधानानं डोळे मिटून घ्यायची. तिची अट एकच, ढवळायचं नाही. वर कडू, खाली गोड, असंच तिला हवं असायचं. बाबा कौतुकानं म्हणायचे, नखरे बघा बाईसाहेबांचे.

मग संध्याकाळचा ताप सुरू झाला. मी पंख्याला दोष दिला, औषधवाल्याला फैलावर घेतलं, बाबांवरही विनाकारण डाफरले. भीती वाटली की मी भांडते, ही माझी जुनी खोड.

एका सकाळी आईला कॉफी पाजताना दाराची बेल वाजली, म्हणून बाबा ग्लास माझ्या हातात देऊन उठले. मी तो तिच्या ओठांशी कलता केला आणि मला दिसलं. तिच्या तोंडात जात होतं ते वरचं काळं पाणी. दूध तळाशी होतं तसंच चिकटून बसलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं, पहिल्या घोटापासून ठाऊक होतं.

"यांना सांगू नकोस," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. आमच्या देखत ती मरणाचे घोट घेत होती आणि वर मलाच सामील करून घेत होती. मी चमचा घेऊन खसाखसा ढवळलं. बाबा परत आले ते नेमके तेव्हाच. मी चमचा वर उचलला. कॉफी घळाघळा खाली गेली, एक तार धरली नाही. त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते पलंगाच्या कडेवर टेकले.

"मी तळातून बघत होतो," ते म्हणाले. "अगं, मी रोज तळातून बघत होतो."

त्यानंतर त्यांनी पावडर घालून दाट कॉफी केली, हात जोडले, रागावूनही पाहिलं. आईनं ओठ उघडले नाहीत. डॉक्टरांनी घरी येऊन छाती तपासली. फुप्फुसात बरंच उतरलंय, म्हणाले. दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालता येईल, पण फार आशा धरू नका. आईनं नळीला मानेनं नकार दिला. मग बोट उचलून ओट्यावरचं गाळणं दाखवलं.

"तू कर," बाबा मला म्हणाले. "माझ्याच्यानं आता होणार नाही." गॅलरीत जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं.

मी दूध ओतलं, पूड घातली, चकती दाबली, पाणी घातलं. आज हे गाळणं तुंबावं, एकही थेंब पडू नये, असं मला मनापासून वाटत होतं. थेंब पडत राहिले. मी ढवळलं नाही. आईनं घोट घेतला आणि खोकली, जीव घाबरा होईपर्यंत खोकली. मी तिची पाठ चोळत राहिले. श्वास सावरल्यावर तिनं पुन्हा ग्लासकडे हात केला.

"छान झालीय," ती म्हणाली. "यांच्याइतकी नाही."

गॅलरीचं दार किलकिलं झालं. आत न बघताच बाबांनी विचारलं, "घेतली का तिनं?"

"घेतली."

"सगळी?"

मी ग्लासकडे पाहिलं. तळाशी दूध जसंच्या तसं होतं.

"सगळी," मी म्हणाले.