पळणाऱ्या माणसाला कुठं जायचंय

संघपालनं एका माणसाला चार वर्षं पळवलं होतं, आणि त्या माणसाला कुठं जायचंय हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. माणूस मोबाईलवरच्या गेममधला. पटकेवाला, मिशीवाला. दगड आला की उडी, फांदी आली की वाकायचं, नाणी दिसली की गोळा करायची. पहिल्या भागात तो शेतातून पळाला, दुसऱ्यात किल्ल्यातून, तिसऱ्यात चंद्रावरून. चौथ्या भागात माणूस काढून कोंबडा घातला. लोकांनी कोंबडा दोन दिवस पळवला आणि सोडून दिला.

"पळायच्या गेममध्ये आता राम राहिला नाही," रवीअण्णा सोमवारी म्हणाला. हुबळीत विद्यानगरला झेरॉक्सच्या दुकानावर त्याची गेम बनवायची कंपनी होती. संघपाल, चित्रं काढणारी योगिता आणि मनात आलं तर चालणारा एसी, एवढा स्टाफ. "जगानं पळायचं तेवढं पळून घेतलं. गुरुवारी चार वाजता बेंगळूरच्या मीनाक्षी मॅडमचा फोन आहे. गेम बाजारात आणायचा की नाही ते त्या ठरवतात. तोवर एक तरी नवी गोष्ट दाखव, नाहीतर शुक्रवारपासून आपण रंगीत गोळ्या जुळवायचा गेम करतोय."

"अण्णा, गेमचा प्रकार संपत नसतो. आपलं डोकं संपतं."

"मग तुझं डोकं गुरुवारपर्यंत पुरव."

त्यानंतर संघपाल कुठंही धड बसला नाही. उभ्यानं जेवला, फेऱ्या मारत दात घासले. खुर्चीत टेकला की उजवा पाय आपोआप हलायला लागायचा, जणू पायालाच कुणीतरी खेळवत होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला एकच काम येत होतं आणि त्याच कामाचा जगाला कंटाळा आला होता. गोळ्या जुळवायला तो शिकलाही असता. पण मग चार वर्षं आपण नेमकं काय केलं, हा प्रश्न उरला असता, आणि त्यावरून उडी मारायचं बटण नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊला तो मळमड्डीतल्या घरातून निघाला तेव्हा डोकं रिकामं होतं. समोरच्या पायरीवर लक्कव्वा लसूण सोलत बसल्या होत्या. मूळच्या अळणावरकडच्या, पायरीवरच्या कायमच्या. बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाला त्या कुठं निघालास ते विचारायच्या. आत्ता नुकतंच त्यांनी एका कुत्र्याला विचारलं होतं.

"संघप्पा, कुठं निघालास रे?"

संघपाल ऐकून न ऐकल्यासारखं करून पळाला. हुबळीला जाणाऱ्या चिगरी बसच्या स्टॉपवर पोचायला त्याला चार मिनिटं लागली. तिकीट काढेपर्यंत आईचा फोन आला. आई, म्हणजे मायाबाई, शाळेत शिकवायच्या.

"लक्कव्वांनी विचारलं तर बोलला नाहीस म्हणे?"

"आई, तू वर्गावर नाहीस का?"

"वर्गावरच आहे. पोरं पाढे म्हणताहेत. मागं जा आणि कुठं निघालायस ते सांगून ये."

"रोज तिथंच जातो! त्यांना माहीत आहे!"

"मग सांगायला तुझं काय जातंय?"

बातमी त्याच्यापेक्षा जोरात पळाली होती आणि तिला वाटेत एकही दगड लागला नव्हता. संघपाल मुकाट्यानं परत फिरला.

"हुबळीला निघालोय, लक्कव्वा."

"होय काय? मला वाटलंच. चहा घेतोस?"

आता मळमड्डीतलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की पहिल्यांदा विचारलेल्या चहाला नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा जरा कमी जोरात नको. तिसऱ्यांदा, "बरं, अर्धा द्या." तीनदा नको म्हटलं तर अपमान होतो. पण पहिल्या खेपेला हो म्हटलं, तर काय होतं? कुणालाच माहीत नव्हतं, कारण तसं आजवर कुणी केलं नव्हतं. संघपाल घाईत होता.

"हो. द्या."

लक्कव्वांच्या हातातली पाकळी खाली पडली. "वनिता!" त्यांनी आत सुनेला हाक मारली. "पोरगं उपाशी आहे गं!"

चहा आला. चहामागून चुरमुऱ्यांचं गिरमिट आलं, मग भाकरी, भाकरीवर शेंगाचटणी, वर दही. शेजारच्या दोघीजणी उपाशी पोराला बघून गेल्या. आईचा पुन्हा फोन आला. "घरात काही मिळत नाही असं सांगितलंस तू?" मागं पोरं आता सतराच्या पाढ्यावर होती. संघपालनं उठायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा भाकरी वाढली गेली.

दुसऱ्या भाकरीला त्याच्या ध्यानात आलं की उजवा पाय हलायचा थांबलाय. आणि तिसरी नको म्हणताना गेम सुचला.

साडेअकराला तो ऑफिसात शिरला तो ओरडतच. "योगिता, दगड काढ! दगडांच्या जागी माणसं घाल!"

"आणि माणसांवरून उडी मारायची?"

"मारून बघू दे की कुणी."

जुनाच गेम, जुनाच पटकेवाला. योगितानं बोळ काढला, पायरी काढली, लसूण सोलणाऱ्या लक्कव्वा काढल्या. बाकीचं संघपालनं उभ्यानं जुळवलं, कारण पाय पुन्हा सुरू झाला होता.

पावणेचारला रवीअण्णानं फोन हातात घेतला. पटकेवाला पळाला. पायरी आली. कुठं निघालास, म्हातारीनं विचारलं. रवीअण्णानं सवयीनं उडी मारली. पडदा काळा झाला आणि गेममधल्या आईचा फोन आला. तो कापला. पुन्हा आला, या वेळी काकांच्या नंबरवरून.

"हे काय?"

"मागं जाऊन सांगून यावं लागतंय, अण्णा."

रवीअण्णा मागं गेला, सांगितलं. चहा घेतोस? त्यानं हो दाबलं. पडद्यावर एकामागून एक ताटल्या यायला लागल्या. "अरे, हा पळतोय कुठं? हा तर जेवतोय!"

"अण्णा, तुम्ही इथलेच, नवलगुंदचे ना? पहिल्यांदाच हो म्हणता?"

रवीअण्णा लाजला. पुन्हा सुरुवातीपासून लागला. पहिला नको, दुसरा नको. तेवढ्यात टेबलावरचा खरा फोन वाजला. चार वाजले होते. संघपालनं तो स्पीकरवर टाकला.

"रवी, नवीन काय आहे?" मीनाक्षी मॅडम.

"मॅडम, एक मिनिट थांबा," रवीअण्णा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "म्हातारी आग्रह करतेय."

मॅडम थांबल्या. अर्धा कप घेऊन पटकेवाला पुढं निघाला, तेव्हा रवीअण्णानं दोन्ही हात वर केले आणि एसीसुद्धा चालू झाला. मग त्यानं मॅडमना सगळं सांगितलं, ताटल्यांसकट.

मॅडमनी विचारलं, "म्हणजे पळायच्या गेममध्ये पळताच येत नाही?"

"होय," संघपाल म्हणाला. "पण आता त्याला कुठंतरी जायचंय. चार वर्षांत पहिल्यांदा."

"लोकांना दम नसतो हो. माणसं टाळायचं एक बटण द्या. दाबलं की सरळ पुढं. तेवढं करा, मग बघते."

रवीअण्णानं हो म्हणायला तोंड उघडलं. संघपालच्या डोळ्यांपुढं ते बटण आलं. ते दाबलं की बोळ, पायरी, ताटल्या सगळं गळून पडणार आणि पटकेवाला चार वर्षांपूर्वीसारखा कुठंही न जाता पळत सुटणार.

"बटण देतो, मॅडम," तो म्हणाला. "दाबलं की आईचा फोन येईल."

संघपालचा पाय टेबलासकट हलत होता. योगितानं टेबल धरून ठेवलं.

"आणि तो कापला तर काकांचा?" मॅडमनी विचारलं.

"काकांचा. मग शाळेतल्या सरांचा."

"कुठले सर?"

"तुमचे जे असतील ते."

मॅडमनी कुठंतरी खुर्ची मागं ओढल्याचा आवाज आला. "तीन महिने घ्या," त्या म्हणाल्या. "ते बटण ठेवाच." आणि फोन ठेवला.

संघपाल खाली बसला. तीन दिवसांत पहिल्यांदा, पाठ टेकून. प्रकार संपला नव्हता. तोही संपला नव्हता. हे सुख साधारण अकरा सेकंद टिकलं.

"मस्त!" रवीअण्णानं टाळी वाजवली. "पहिला भाग मळमड्डीत. दुसरा किल्ल्यात. तिसरा चंद्रावर. चौथ्यात कोंबडा घालू."

संघपालचा पाय हलायला लागला. "अण्णा, कोंबड्याला कोण विचारणार, कुठं निघालास म्हणून?"

रवीअण्णानं योगिताच्या चित्रातल्या पायरीकडं बोट दाखवलं.

संघपालला हे खोडून काढता येईना. सकाळचं कुत्रं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.