झोत धरायची जागा

कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या बोगद्यात जागा होती तेवढीच होती, आणि ती नवरा-बायको दोघांनाही हवी होती.

ती बीमलाइन आखायची. इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकांमधून नेत केसाहून बारीक करायचा आणि प्लाझ्माच्या तोंडाशी नेमका सोडायचा, हे तिचं काम. प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित वायूची, नळी नवऱ्याकडे होती. लांबलचक यंत्राला जेवढी ऊर्जा देता येते, तेवढी ती नळी झोताला हातभर अंतरात देणार होती. म्हणून त्याला नळी लांब हवी होती. पण पलीकडून सुटलेला झोत पिसाटासारखा फाकतो. तो धरायला लगेच चुंबक हवेत, आणि लांब नळीने त्यांचीच जागा खाल्ली होती.

तिला चैन पडेना. गणित पुन्हा पुन्हा केलं तरी उत्तर तेच. दूध गॅसवर ठेवून ती विसरायची. सासूबाई म्हणाल्या की एकाच ठिकाणी नोकरी करता, तर भांडणंही तिथेच ठेवून येत जा.

बैठकीत विभागप्रमुखांनी तिला सरळच विचारलं. नवरा समोर बसला होता. कितीतरी वर्षं तो या नळीमागे होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी ती म्हणाली, "झोताची ऊर्जा वाढेल, पण बाहेर आल्यावर मला तो धरता येणार नाही."

नळी आखूड करायचं ठरलं. घरी तो रागावला नाही, उलट फार सभ्यपणे वागू लागला. मीठ हवं का, दिवा मालवू का. त्यापेक्षा त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं, असं तिला वाटे.

मग एका दुपारी तो तिच्या टेबलाशी आला आणि गणित दाखव म्हणाला. बराच वेळ वाचून त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

"प्लाझ्मा इथे भिंतीसारखा एकदम संपतो, असं धरलंयस."

"तू तसंच काढून दिलं होतंस."

"सोय म्हणून काढलं होतं गं. शेवटी तो हळूहळू विरळ करता येईल."

तिने ती ओळ पुन्हा वाचली. विरळ होत जाणाऱ्या प्लाझ्मातून झोत सावकाश सुटला, तर कमी फाकेल. मग चुंबक थोडे दूर असले तरी चालतील, आणि नळीला जागा उरेल. एवढं साधं तिने त्याला विचारलं नव्हतं, आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. कामाचं सोडून दोघं मिठाचं बोलत बसले होते.

आराखडा नव्याने झाला. नळीला कापलेल्यातली निम्मी लांबी परत मिळाली, सगळी नाही. त्याची हळहळ त्याने लपवली नाही, आणि तिनेही समजूत काढली नाही.

पहिल्या चाचणीला पडद्यावर झोताचा ठिपका उमटला. ऊर्जा वाढली होती आणि झोत हाती राहिला होता. खोलीत टाळ्या झाल्या. प्रमुखांनी त्याचा हात दाबला. ती मात्र पडद्याजवळ सरकली.

"हलतोय," ती म्हणाली.

"थोडं हलणारच."

"इतका नाही."

त्याने पुन्हा पाहिलं. मग टाळ्या वाजवणाऱ्यांमधून वाट काढत तो तिच्या शेजारी येऊन बसला.